बोटभर बाहेर नाही, बोटभर आत नाही

लाइनआउटच्या, म्हणजे पायाची आखणी जमिनीवर करायच्या दिवशी साइटवर कुणी फारसं बोलत नाही. खुंट्या ठोकून झालेल्या असतात, दोरी ताणलेली असते, गवंडी कोपऱ्यावर गुण्या धरून उकिडवा बसलेला असतो आणि फक्कीची पाटी घेऊन एखादं पोरगं आपल्या तोंडाकडे बघत उभं असतं. दोन्ही कर्ण मोजायचे. जुळले की मान हलवायची, मग फक्की पडते. त्यानंतर ती इमारत कुठे उभी राहणार हे देवालाही बदलता येत नाही. सरकारी नोकरीत 34 वर्षं मी हेच केलं. शाळा, दवाखाने, एक कचेरी, असंख्य मोऱ्या. म्हणून असेल, पण अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका राजाचं एक वाक्य वाचलं आणि मी तिथेच अडकलो.

राजा म्हणतो, जुन्या पायावर मी विटा बसवल्या, बोटभर बाहेर नाही, बोटभर आत नाही.

त्या मुलखातले राजे बढाया मारण्यात कमी नव्हते. शहरं जाळली, कैदी ओढत आणले, मुंडक्यांचे ढीग रचले, हे सगळं दगडावर कोरून ठेवायची तिकडे रीतच होती. हा मात्र सांगतोय की माझं लाइनआउट चुकलं नाही. त्यातही मोजमाप हात आणि बोटांत. बाबिलोनच्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या त्या राज्याच्या, त्या काळच्या हातात 24 बोटं असत. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांतल्या हातातही 24 अंगुळं. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, बस. मीटरपट्टी वापरत आलेला मी, पण माझ्या पहिल्या मुकादमाला हातानेच मोजायची सवय होती आणि त्याचं मोजमाप माझ्या पट्टीशी कधी फार फटकून गेलं नाही.

राजाचं नाव नबू-नाइद. म्हणजे साधारण ‘नबू देवाची स्तुती असो’. ग्रीकांनी त्याचं नबोनिडस केलं आणि जगात तेच नाव चाललं. इ.स.पू. 556 ते 539 अशी 17 वर्षं तो बाबिलोनच्या गादीवर होता. त्याच्यानंतर इराणी आले, मग ग्रीक आले. स्वतंत्र बाबिलोनचा हा शेवटचा राजा. शेवटच्या राजांच्या वाट्याला इतिहासात जे येतं ते सगळं याच्याही वाट्याला आलं, वेडा, पाखंडी, नाकर्ता वगैरे. बायबलच्या दानिएलाच्या पुस्तकात तर मेजवानी चालू असताना भिंतीवर अक्षरं उमटतात ती कथा आहे. तिथे राजा म्हणून बेलशस्सर बसलेला आहे आणि तो आधीचा मोठा राजा नबुखद्नेस्सर याचा मुलगा म्हटलाय. प्रत्यक्षात बेलशस्सर या नबू-नाइदचा मुलगा. बापाचं नावच गाळलंय.

नबुखद्नेस्सर 562 मध्ये गेला आणि पुढच्या सहा वर्षांत तीन राजे झाले. पहिला मारला गेला, दुसरा चार वर्षांत वारला, तिसरं पोरगं काही आठवड्यांतच कटात संपलं. मग हा आला. घराण्याशी संबंध नाही, वयही बरंच झालेलं. हर्रानच्या शिलालेखात तो म्हणतो, मी एकुलता एक, मला कुणी नाही, राज्य माझ्या मनातसुद्धा नव्हतं. असं म्हणणाऱ्याकडे जरा बघूनच घ्यावं. मनात नसलेली खुर्ची मिळालेली बरीच माणसं मी नोकरीत पाहिली आहेत.

त्याची आई मात्र खरीच वेगळी. अद्दा-गुप्पी तिचं नाव. हर्रान हे आजच्या तुर्कस्तानात, सिरियाच्या हद्दीजवळ. तिथे चंद्रदेव सीनचं मोठं मंदिर होतं, एहुलहुल, आनंदाचं घर. इ.स.पू. 610 मध्ये बाबिलोनी आणि मेदी फौजांनी हर्रान घेतलं आणि मंदिर उद्ध्वस्त झालं. ती तेव्हा चाळिशीला टेकलेली. शिलालेख तिच्याच तोंडून बोलतो. सीन आपल्या नगरावर रागावला, स्वर्गात निघून गेला. मग मी अंगाला चांगली लोकर लावली नाही, सोनं-रुपं घातलं नाही, नवं वस्त्र नाही, सुगंधी तेल नाही. फाटकं नेसून देवाच्या पदराला धरून बसले. मंदिर 54 वर्षं पडून राहिलं आणि ही तितकी वर्षं तशीच राहिली.

पुढचा मजकूर वाचताना मला आमच्या आजीचा आवाज ऐकू येतो. डोळे चांगले आहेत, कान उत्तम आहेत, हातपाय धड आहेत, खाल्लेलं-प्यायलेलं अंगी लागतं, पणतवंडांच्या पुढची पिढी पाहिली. वय एकशेचार. अश्शूरचा राजा अशूरबनिपाल याच्या विसाव्या वर्षी जन्म, म्हणजे 649 च्या आसपास, आणि मृत्यू 547 मध्ये. मी बेरीज करून पाहिली, 102 येतात. दोन वर्षांसाठी कुणी भांडू नये. ती गेली तेव्हा मुलाने तिला तलम लोकर, चकचकीत ताग, सोनं, रत्नं घालून, सुवासिक तेल लावून पुरलं असं लेखाच्या शेवटी आहे. इतकी वर्षं जे तिने लावलं नाही ते सगळं.

या बाईच्या शिलालेखाची एक प्रत 1956 साली कुठे सापडली? हर्रानच्या मोठ्या मशिदीच्या दारात, फरशीत, उपडी बसवलेली. नबू-नाइदचे स्वतःचे दोन शिलालेखही तसेच, बाकीच्या दारांत. शेकडो वर्षं लोक त्यावरून चालत होते. आपल्या गावांत वीरगळांवर धुणी धुतात, त्यातलाच प्रकार. चांगला, सपाट, घडीव दगड आयता मिळाला की कुठलाही गवंडी तो सोडत नाही. गवंड्याला दोष द्यायला मी तयार नाही. त्याला वाचता येत नव्हतं. वाचता येणाऱ्यांचं काय, त्यावर येतो.

सिप्पर हे बाबिलोनच्या उत्तरेला, बगदादच्या जरा खाली. तिथे सूर्यदेव शमशचं मंदिर, एबब्बर. ते नबुखद्नेस्सरने नव्याने बांधलं होतं. नबू-नाइद लिहितो की त्या आधीच्या राजाने जुना पाया शोधला, त्याला सापडला नाही, तरी त्याने मंदिर बांधून टाकलं आणि 45 वर्षांत भिंती खचल्या. हे वाचून मी मोठ्याने हसलो. आधीच्या माणसाच्या कामावर शेरा मारून आपलं अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायची पद्धत एवढी जुनी असेल असं वाटलं नव्हतं.

खरं कारण कुणीही साइटवरचा माणूस सांगेल. तिकडे दगड नाही. उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांच्या जाड भिंती, दोन नद्यांमधली गाळाची जमीन, खाली पाण्याची पातळी वर. ओल चढते, ओलीबरोबर क्षार चढतात आणि भिंत तळाशी भुगा होत जाते. जोत्याला भाजलेल्या विटा आणि डांबर वापरलं तर जास्त टिकतं, पण शेवटी माती ती माती. 40-50 वर्षांत मोठी दुरुस्ती आलीच. त्यामुळे तिथल्या प्रत्येक राजाला बापजाद्यांच्या मंदिरांचा जीर्णोद्धार करावाच लागे. आणि पडलेल्या भिंतीचा ढिगारा सपाट करून त्याच्यावर नवीन उभारायचं, म्हणून गावंच्या गावं टेकाडांवर चढत गेली.

पण नबू-नाइदच्या मते भिंत पडली ती पाया चुकला म्हणून. मंदिराचा नकाशा देवाने ठरवलेला, पहिल्या राजाने तो जमिनीवर उतरवला. त्या रेषेपासून सरकलात की देव तिथे राहायला राजी नाही. तो लिहितो, मी घाबरलो, माझं तोंड उतरलं. देवाला बाहेर काढून दुसऱ्या घरी ठेवलं. (आपण याला बालालय म्हणतो. आमच्याकडे शेजारच्या पडवीत मूर्ती ठेवली होती, पत्र्याच्या शेडमध्ये.) मग मंदिर उतरवलं आणि खणायला घेतलं. 18 हात. म्हणजे साधारण नऊ मीटर. आजूबाजूला ढासळणारी माती, खाली ओल, टोपल्यांनी माती वर काढायची. नऊ मीटर खणणं म्हणजे काय हे ज्याने विहीर खणून घेतली आहे त्यालाच कळेल.

तळाशी अक्कादचा प्राचीन राजा नराम-सीन याचा पाया सापडला. त्याच्या नावाचा लेखही. नबू-नाइदच्या हिशेबाने 3200 वर्षं कुठल्याही राजाला तो दिसला नव्हता. हिशेब चुकलाय. नराम-सीन इ.स.पू. तेविसाव्या शतकातला, म्हणजे अंतर 1700 वर्षांचं. शिवाय त्याला सारगोनचा, म्हणजे अक्कादचं राज्य उभारणाऱ्या राजाचा, मुलगा म्हटलंय, तो नातू होता. दीड हजार वर्षांची चूक झाली खरी. पण आपल्या आधी 1700 वर्षं झालेल्या माणसाचं नाव जमिनीतून काढून वाचता येणं, हेच मला पुरे आहे. मी आजच्या मागे 1700 वर्षं गेलो तर वाकाटकांपर्यंत पोचतो, आणि त्यांची लिपी समोर ठेवली तर मला एक ओळ लागणार नाही.

मग त्याने काय केलं? लेख पाहिला, त्याला तेल चोळलं, नैवेद्य दाखवला, आपल्या नावाचा लेख त्याच्या शेजारी ठेवला आणि दोन्ही होते त्या जागी परत पुरले. वर विटा चढवल्या. बोटभर बाहेर नाही, बोटभर आत नाही. दुसऱ्या एका मजकुरात असंही आहे की तिथे सारगोनचा पुतळा सापडला, अर्धं डोकं फुटलेलं. कारागीर बोलावून ते नीट करून घेतलं आणि पुतळ्याला मंदिरात जागा देऊन रोजचा भोग लावला.

त्याला लोक पहिला पुराणवस्तुशास्त्रज्ञ म्हणतात. मला ते फारसं पटत नाही. पुराणवस्तुशास्त्रज्ञ सापडलेली वस्तू वर काढतो. याला ती वर काढायची नव्हती. त्याला खाली जाऊन, नमस्कार करून, परत यायचं होतं.

लंडनला मुलीकडे गेलो होतो तेव्हा ब्रिटिश म्युझियममध्ये हा लेख पाहिला. काचेपलीकडे मातीची एक वस्तू, मृदंगासारखी, मध्ये फुगीर, टोकांना निमुळती, वीतभर लांब. त्यावर मुंग्यांच्या पावलांसारखी अक्षरं. मी बराच वेळ उभा होतो. मुलगी म्हणाली, बाबा, ममी बघायच्या राहतील. शेवटच्या ओळींचं भाषांतर मी आधीच वाचलं होतं म्हणून हललो नाही. तिथे राजा आपल्यानंतर येणाऱ्या कुणाशी तरी बोलतो. तू जो कुणी असशील, ज्याला सीन आणि शमश राज्यावर बोलावतील, ज्याच्या काळात हे घर मोडकळीला येईल आणि जो ते नव्याने बांधेल, त्याने माझ्या नावाचा लेख पाहावा, बदलू नये. तेल लावावं, नैवेद्य दाखवावा, आपला लेख शेजारी ठेवून परत जागेवर ठेवावा.

आता माझी गोष्ट सांगायला हवी.

1991 साल असेल. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघाला. मी गावातला एकमेव इंजिनिअर, नोकरीत सात-आठ वर्षं झालेली, सगळं येतं असं वाटण्याचं वय. रजा काढून गेलो. जुनं देऊळ लाकडी, सभामंडप वाळवीने खाल्लेला. उतरवलं. नवा पाया दोन फूट पुढे घेतला, कारण कमिटीला मंडप मोठा हवा होता. आग्नेय कोपऱ्याला खणताना एक उभा दगड लागला. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्रकोर, खाली काहीतरी झिजलेलं, त्याच्याखाली तीन ओळी अक्षरं. पहिल्या ओळीत ‘स्वस्ति’ असावं असं वाटलं. पुढचं लागलं नाही. मुकादम थांबला होता. साहेब, याचं काय करायचं? वर बारा माणसं उभी, काँक्रीटला सिमेंट आलेलं, ढग जमलेले. मी म्हणालो, सोलिंगमध्ये, म्हणजे पायातल्या दगडांच्या भरावात, टाका.

घणाचे तीन घाव बसले. दोन तुकडे झाले आणि ते गेले खाली.

मला तेव्हा काहीही वाटलं नाही. वाटलं असतं तर ही गोष्ट बरी झाली असती. सूर्य-चंद्र म्हणजे आचंद्रार्क, आकाशात ते आहेत तोवर हा शब्द राहो, हे मला पुढे कितीतरी वर्षांनी समजलं. आणि लंडनमध्येच दुसऱ्या एका दगडावर नबू-नाइदला पाहिलं, उंच काठी हातात, आणि त्याच्या तोंडासमोर वर कोरलेला चंद्र, पंखांचा सूर्य आणि एक तारा, तेव्हा पायाखालची जमीन जराशी हलली म्हणायला हरकत नाही. सीन, शमश, इश्तार. त्यांचा अर्थ वेगळा आहे, माहीत आहे मला. पण माझ्या डोळ्यांपुढे तो मुकादमच उभा राहिला.

असो. राजाकडे परत.

दक्षिणेकडच्या उर शहरातली गोष्ट त्याच्या मुलीची. इ.स.पू. 554 मध्ये, 26 सप्टेंबरला, चंद्रग्रहण झालं. राजाने त्याचा अर्थ लावला की चंद्रदेवाला उरच्या मंदिरात मुख्य पुजारीण हवी आहे. ती प्रथा कधीच बंद पडलेली. कौल लावला, नात्यातली एखादी मुलगी चालेल का? नाही. माझी मुलगी? हो. मग अडचण आली की या पुजारणीने काय नेसायचं, कोणते दागिने घालायचे, विधी काय, हे जिवंत माणसांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. तेव्हा सुमारे साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या एका राजाचा शिलालेख सापडला, त्यावर अशा पुजारणीचं चित्र, तिचे कपडे, अलंकार. ते बघून सगळं ठरवलं. मुलीचं नाव बदलून एन-निगल्दी-नन्ना ठेवलं. तिच्यासाठी जुना वाडा खणून काढला, त्यात बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीच्या एका पुजारणीचा, एनानेदूचा, लेख निघाला.

1925 साली उरचं उत्खनन करणाऱ्या लिओनार्ड वूलीला त्या मुलीच्या वाड्यातल्या खोलीत एक विचित्र गोष्ट दिसली. एकाच फरशीवर वेगवेगळ्या काळांच्या वस्तू. उरचा जुना राजा शुल्गी याच्या पुतळ्याचा तुकडा, एक हद्दीचा दगड, लार्साच्या एका राजाचा मातीचा शंकू. सोबत ढोलकीच्या आकाराचा मातीचा एक तुकडा, त्यावर एका जुन्या विटेवरच्या लेखाची नक्कल आणि खाली टीप. टीप नबू-नाइदच्याही आधीच्या शतकातली. उरच्या सुभेदाराला जुन्या मंदिराचा नकाशा शोधताना ढिगाऱ्यात अमर-सीन या जुन्या राजाची ही वीट मिळाली, आणि सीनच्या मंदिरातला विलापगीतं गाणारा पुजारी नबू-शुम-इद्दिन याने ती पाहिली, लोकांनी बघावी म्हणून उतरून ठेवली. वूलीने याला संग्रहालय म्हटलं. पुढच्या अभ्यासकांनी शंका घेतल्या, कदाचित बांधकामाच्या वेळी सगळं एका खोलीत जमा झालं असेल म्हणतात. मला संग्रहालयापेक्षा त्या पुजाऱ्याची टीप महत्त्वाची वाटते. नकाशा शोधताना सापडलं, पाहिलं, उतरून घेतलं. तीनच क्रियापदं. मी पहिलं आणि दुसरं केलं होतं.

तेमाचं प्रकरण मला कधीच नीट कळलेलं नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हा माणूस राजधानी मुलाच्या हवाली करून अरबस्तानच्या वाळवंटात तेमा नावाच्या मरूद्यानात जाऊन बसला. दहा वर्षं. तिथला राजा मारला, आपला वाडा बांधला, आणि देदान, यथ्रिब म्हणजे आजचं मदिना, अशा गावांमधून फिरत राहिला. सौदी अरबस्तानात त्याचे लेख खडकांवर सापडतात. कुणी म्हणतं ऊद-लोबानाच्या व्यापारी वाटा ताब्यात घ्यायच्या होत्या, कुणी म्हणतं त्याला त्वचारोग झाला होता. मृत समुद्राकाठच्या गुंडाळ्यांमध्ये एक प्रार्थना आहे, त्यात हाच राजा तेमात सात वर्षं फोडांनी पिडलेला आहे. तो स्वतः म्हणतो की बाबिलोनची माणसं बिघडली होती, कुत्र्यांसारखी एकमेकांना खात होती. म्हणजे थोडक्यात, भांडण झालं होतं. चंद्रदेवाला त्याने बाबिलोनचा मुख्य देव मार्दुक याच्या वर नेऊन बसवलं हे मार्दुकच्या पुजाऱ्यांना सहन होणारं नव्हतं.

पण बाबिलोनकरांच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यांचा नव्या वर्षाचा मोठा उत्सव, अकितू, निसान महिन्यात. नबू देव बोर्सिप्पाहून यायचा, मार्दुक मंदिरातून मिरवणुकीने बाहेर निघायचा. राजा हजर हवाच. कारण त्या उत्सवात पुजारी राजाची राजचिन्हं काढून घेई, त्याला मार्दुकसमोर गुडघे टेकवून कान धरून वाकवी आणि गालावर सणसणीत चपराक मारी. राजाच्या डोळ्यांत पाणी आलं तर देव प्रसन्न, वर्ष चांगलं. पाणी आलं नाही तर संकट. राजाच नाही तर चपराक कुणाला मारणार? बाबिलोनच्या बखरीत वर्षामागून वर्ष तेच वाक्य येतं, राजा तेमात होता, राजपुत्र आणि सैन्य अक्कादात (म्हणजे बाबिलोनच्या मुलखात), नबू आला नाही, बेल (म्हणजे मार्दुक) बाहेर पडला नाही, अकितू झाला नाही. 2020 च्या आषाढीला पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या ते ज्यांनी टीव्हीवर पाहिलं, त्यांना या कोरड्या वाक्यामागचं काय ते कळेल. एक वर्ष गेलं तर आपण हळहळलो होतो. त्यांची दहाएक वर्षं गेली. राजाने नऊ मीटर खाली पुरलेल्या देवाची आज्ञा पाळली आणि रस्त्यावर वाट बघत असलेल्या देवाला थांबवून ठेवलं. याला माझ्याकडे सफाई नाही.

आईही त्याच काळात गेली. बखर म्हणते, युफ्रेटिसकाठी, सिप्परच्या वरच्या अंगाला एका छावणीत. राजपुत्राने आणि सैन्याने तीन दिवस शोक केला. राजा तेमात होता.

शेवट पटकन झाला. तो परत आला, हर्रानचं मंदिर आईच्या इच्छेप्रमाणे उभं केलं, आणि तोवर इराणचा राजा कुरुश (इंग्रजीत सायरस) दाराशी आला होता. 539 च्या उन्हाळ्यात नबू-नाइदने गावोगावचे देव बाबिलोनमध्ये गोळा केले. उरुकची इश्तार होडीने आली, तिच्या भोगासाठी उरुकहून धान्य पाठवत राहिले त्याच्या नोंदी मातीच्या पाट्यांवर आहेत. शरदात ओपिसला लढाई झाली, सिप्पर न लढता पडलं आणि दोन दिवसांनी बाबिलोनही. बेरोसस हा बाबिलोनी इतिहासकार लिहितो की कुरुशने त्याला मारलं नाही, दूर कर्मानियात पाठवून दिलं.

मग त्याच्या नावावर शाई, म्हणजे त्यांच्याकडची माती, उडवायला सुरुवात झाली. एका दीर्घ कवितेत त्याची यथेच्छ टवाळी आहे, मी ज्ञानी, मला गुप्त ते दिसतं असं तो म्हणायचा वगैरे. कुरुशच्या प्रसिद्ध मातीच्या दस्तऐवजातही हाच पाखंडी, मार्दुकला न भिणारा. पण त्या दस्तऐवजाचा शेवट बघा. तो तुकडा आधी फुटून दुसरीकडे गेला होता, मागाहून जुळवला. कुरुश बाबिलोनच्या तटाची दुरुस्ती करतो आणि अभिमानाने नोंदवतो की आत मला माझ्या आधीच्या राजाचा, अशूरबनिपालचा, लेख दिसला. ज्याला शिव्या देऊन संपवलं त्याचीच सवय उचलली. मला वाटतं मातीत काम करणाऱ्या त्या गवंड्यांना राजा बदलल्याने काही फरक पडला नसावा. खणलं, लेख लागला, साहेबांना सांगा.

आणि नबू-नाइदची विनंती कुणी ऐकली का? 1854 साली जे. जी. टेलर नावाचा इंग्रजांचा बसऱ्याचा अधिकारी उरच्या टेकाडावर खणत होता. अरब त्याला तल्ल अल-मुकय्यर म्हणत, डांबराचं टेकाड, कारण झिग्गुरातच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने चढत जाणाऱ्या मंदिर-मनोऱ्याच्या, भाजलेल्या विटा डांबरात बसवलेल्या. टेलरला एका कोपऱ्यात मातीचा एक छोटा लेख मिळाला. त्याने अंदाज बांधला की उरलेल्या कोपऱ्यांतही असणार, आणि तिथे नेमके होते. चारही नबू-नाइदचे. त्यात सांगितलंय की हा मनोरा उर-नम्मूने सुरू केला, त्याचा मुलगा शुल्गीने पुरा केला, मी जुन्या पायावर डांबर आणि भाजक्या विटांनी दुरुस्त केला. शेवटी मुलासाठी प्रार्थना, बेलशस्सर, माझा थोरला, माझ्या पोटचा, त्याच्या हातून पाप न घडो. ते वाचले हेन्री रॉलिन्सनने, जो सतराव्या वर्षी कंपनीच्या फौजेत मुंबईला उतरला होता. बायबलमधला बेलशस्सर खरा कोण होता ते या लेखांमुळे जगाला समजलं. मोठा शोध. तेल कुणी लावलं नाही, आणि परत जागेवर तर नाहीच.

सद्दाम हुसेनने बाबिलोनच्या भिंती नव्या बांधल्या तेव्हा नबुखद्नेस्सरसारखेच आपल्या नावाचे ठसे विटांवर मारले, जुन्या अवशेषांवर थेट नवं बांधकाम चढवून. आमच्या देवळातही संगमरवरी पाटी आहे. ‘जीर्णोद्धार शके 1913’. खाली देणगीदार, अमुक यांच्या स्मरणार्थ लाद्या, तमुक यांच्याकडून घंटा. सगळ्यात खाली ‘मार्गदर्शन’ असं लिहून माझं नाव. मी ते पुसायला सांगितलं होतं, पण कमिटीतल्या कुणाला कारण कळलं नाही आणि मलाही ते नीट सांगता आलं नाही.

गेल्या दिवाळीत पुतण्याला घेऊन देवळात गेलो. तो आता कमिटीवर आहे. मंडपाला गळती लागली आहे, दक्षिणेकडे जोतं दबलंय. पुन्हा काम निघेल, दहा वर्षांत म्हणा. मी त्याला आग्नेय कोपऱ्यापाशी उभं केलं, टेप काढला, दोन भिंतींपासून मापं घेतली आणि त्याच्या वहीत लिहून दिलं. खाली साडेतीन फूट, दोन तुकडे, एकावर सूर्य-चंद्र, पहिला शब्द बहुधा स्वस्ति.

त्याने ते वाचलं. मग विचारलं, काका, सापडला तर करायचं काय?

तेल लाव, म्हटलं. कुणाला तरी दाखवून वाचून घे. आणि होता तिथे ठेव.

तिथे म्हणजे सोलिंगमध्ये?

मी जरा थांबलो. नाही, म्हटलं, उभा. उभा होता तो.